एका हस्तलिखिताचं संपादन: फ्रेंच राज्यक्रांती कादंबरीत उतरवताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या संपादनाचं आहे. लेखिका, संपादक आणि अभिप्राय देणारे वाचक यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कादंबरीतल्या पात्रांचा उल्लेखही नावाने न करता त्यांच्या कामावरून केला आहे.

कादंबरी पॅरिसमध्ये घडते आणि १७८९ च्या जुलैपासून जुलै १७९४ पर्यंत चालते. सँ-झाक रस्त्यावर एक लहान छापखाना आहे. नवऱ्याच्या पश्चात त्याची विधवा तो चालवते. तिच्याकडे एक तरुण जुळारी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, जुळवतो. तिसरं मुख्य पात्र सँ-आंत्वान या कारागिरांच्या वस्तीत राहणारी एक फेरीवाली. छापखान्याची निवड उत्तम होती. १७८९ नंतर पॅरिसमध्ये वर्तमानपत्रांचा आणि पत्रकांचा पूर आला. त्यामुळे क्रांतीचा जवळजवळ प्रत्येक शब्द आधी कुठल्या ना कुठल्या जुळाऱ्याच्या बोटांखालून गेला, मग लोकांपर्यंत पोहोचला. अशी जागा हाती असताना कादंबरी उभी राहत नव्हती, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडण्यासारखं आहे.

पहिला खर्डा ३१ प्रकरणांचा, सुमारे १ लाख ४० हजार शब्दांचा होता. लेखिकेचा अभ्यास पक्का होता. पावाचा भाव, मजुरी, रस्त्यांची नावं, कुठल्या दिवशी पाऊस होता, सगळं तपासलेलं होतं.

अडचण

बाहेरच्या तीन वाचकांना खर्डा दिला. त्यांपैकी एक इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक होते. तिघांनाही कादंबरी ‘माहितीपूर्ण’ वाटली. संपादकांनी पुढे विचारलं, जुळाऱ्याला नेमकं काय हवं आहे? उत्तर कोणालाच देता आलं नाही. १७९२ च्या ऑगस्टमध्ये राजवाड्यावर हल्ला का झाला हे तिघांनी व्यवस्थित सांगितलं. त्या रात्री जुळारी घरी का गेला नाही, हे एकालाही आठवेना.

कारण शोधायला संपादकांनी एक साधा उपाय केला. बॅस्टिलचं प्रकरण छापून घेतलं आणि प्रत्येक वाक्य तीनपैकी एका रंगाने रंगवलं. पात्राला त्या क्षणी दिसतं, ऐकू येतं, कळतं ते हिरवं. नंतरच्या इतिहासकारालाच कळू शकेल ते निळं. निवेदकाचं मत तांबडं. प्रकरणाचा निम्म्याहून अधिक भाग निळा निघाला. ‘निरंकुश राजसत्तेचं ते मूर्तिमंत प्रतीक होतं आणि त्या दुपारी एका युगाचा अंत झाला’ हे वाक्य जुळाऱ्याच्या तोंडचं नव्हतं, पण तो फाटकासमोर उभा असताना आलं होतं.

१४ जुलैला त्या गर्दीला युगाचा अंत करायचा नव्हता, तिला बंदुकीची दारू हवी होती. सकाळी अँव्हालिद या जखमी सैनिकांच्या आश्रमातून सुमारे ३० हजार बंदुका हाती आल्या, पण त्यांत भरायला दारू नव्हती. ती बॅस्टिलमध्ये हलवलेली होती. आत कैदी होते सात, आणि त्यांतले चार बनावट हुंड्यांच्या गुन्ह्यातले. खोट्या कागदांपायी कोंडलेली ही चार माणसं छापखान्यात काम करणाऱ्याच्या नजरेला पहिल्यांदा खुपायला हवीत. खर्ड्यात ‘सात कैदी’ एवढीच नोंद होती.

निळ्या वाक्यांचा खरा तोटा हा की, ती निकाल आधीच सांगून टाकतात. क्रांती जगणाऱ्या माणसाला ती क्रांती आहे हेच ठाऊक नसतं. दंगल आहे की बंड, उद्या सैन्य येणार की पाव, हे त्याला माहीत नसतं. ही अनिश्चितता गेली की इतिहास उरतो आणि कादंबरी संपते. पुढचे सगळे निर्णय एका प्रश्नावर तोलले गेले: हे कोणाला, कधी कळतं?

बाकीचे दोष लहान होते, पण याच मुळातून आलेले. गर्दी प्रत्येक वेळी एकाच सुरात बोलत होती. नेते भाषणातच बोलत होते. आणि मराठीत क्रांतीवर लिहिताना हाताशी येणारे झिजलेले शब्द, म्हणजे मशाल, वणवा, ठिणगी, उष:काल, पानोपानी होते.

तोलून पाहिलेले पर्याय: गोष्ट कोणी सांगायची

*सर्वज्ञ निवेदक ठेवायचा.* या वाटेला मोठी परंपरा आहे. डिकन्सच्या १८५९ च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये सँ-आंत्वानच्या रस्त्यावर दारूचं पिंप फुटतं, लोक ओंजळीने ती दारू पितात आणि एक जण त्या लाल गाळाने भिंतीवर ‘रक्त’ असा शब्द लिहितो. पुढे काय होणार हे निवेदकाला ठाऊक आहे आणि ते तो लपवत नाही. त्यामुळे तिथे ही खूण शोभते. ह्यूगोच्या १८७४ च्या ‘नाइन्टी-थ्री’मध्ये जहाजावर एक तोफ सुटते. ज्याच्या निष्काळजीपणाने ती सुटली तोच गोलंदाज जीव धोक्यात घालून ती आवरतो. सेनापती त्याच्या छातीवर पदक लावतो आणि लगेच त्याला गोळ्या घालायला सांगतो. यादवी युद्धातला न्याय कसा चालतो हे त्या एका प्रसंगात पूर्ण येतं, भाष्याची गरज पडत नाही. म्हणजे सर्वज्ञ निवेदक हा दोष नव्हे. पण त्याला स्वतःचा आवाज लागतो, वाचकाशी थेट बोलण्याची धमक लागते. लेखिकेचा कल पात्रांच्या जवळ जाण्याकडे होता. निवेदक वर आणि पात्रं खाली, मधली जागा रिकामी, असा तो खर्डा झाला होता.

*म्हाताऱ्या जुळाऱ्याची आठवण.* १८३० च्या जुलैत पॅरिसमध्ये पुन्हा रस्ते अडवले जात असताना म्हातारा जुळारी मागचं सांगतो, अशी ही कल्पना. दोन क्रांत्या समोरासमोर येतात म्हणून ती मोहाची होती. लेखिकेने दोन प्रकरणं लिहूनही पाहिली. दुसऱ्याच पानापासून ‘तेव्हा आम्हांला कुठे माहीत होतं’ हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत डोकावू लागलं. शिवाय तो वाचणार हे पहिल्या ओळीतच कळत होतं. १७९३-९४ च्या दहशतीच्या काळाची भीती त्यामुळे अर्धी होत होती.

*छापखान्याचं सामूहिक निवेदन.* सगळा छापखाना मिळून ‘आपण’ म्हणून बोलतो. इथे मराठीकडे फार उपयोगी साधन आहे. ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये तो वगळलेला. क्रांतीत सतत हेच चाललेलं असतं: कोण आपला आणि कोण बाहेरचा. पण पाच वर्षांची लांबी या आवाजाला पेलली नसती.

*तीन पात्रांच्या जवळचं तृतीयपुरुषी निवेदन.* विधवा, जुळारी, फेरीवाली. प्रत्येक प्रकरण एकाच्याच खांद्यावरून दिसतं.

चौथा पर्याय घेतला आणि तिसऱ्याचा तुकडा त्यात बसवला. मुख्य प्रकरणं तिघांची, मध्ये दीड-दोन पानांची पाच सामूहिक निवेदनं. पहिल्या तीनमध्ये ‘आपण’. सप्टेंबर १७९२ मध्ये तुरुंगांत कत्तली झाल्या. त्यानंतरच्या चौथ्यामध्ये छापखाना ‘आम्ही’ म्हणू लागतो. पाचव्यात सर्वनामच गळतं, नुसती कामं उरतात: कागद भिजवला, शाई लावली, दांडा ओढला. हा बदल कुठेही समजावून सांगायचा नाही, असं ठरलं.

केलेलं काम

*कळण्याची शिस्त.* प्रत्येक प्रकरणाच्या वर, फक्त हस्तलिखितात, तीन ओळी लिहायच्या: आज या पात्राला काय माहीत आहे, काय चुकीचं वाटतं आहे, कुठली अफवा खरी वाटते आहे. तिसरी ओळ सर्वांत फळली. १७८९ च्या उन्हाळ्यात गावोगाव ‘दरोडेखोर येताहेत’ अशी भीती पसरली होती आणि ते दरोडेखोर कुठेच नव्हते. खर्ड्यात ही भीती ‘अफवा होती’ असं सांगूनच सुरू होई. नव्या रूपात फेरीवालीचा भाऊ दारामागे पहार ठेवून रात्र काढतो, आणि काहीच न घडल्याने त्याची खात्री आणखी पक्की होते.

याच शिस्तीने एक आवडतं वाक्य गेलं. १४ जुलैच्या प्रकरणाचा शेवट राजाच्या रोजनिशीतल्या ‘काही नाही’ या नोंदीने होत होता. ती नोंद शिकारीच्या वहीतली, शिकार झाली नाही एवढंच सांगणारी. क्रांतीवरच्या पुस्तकांत ती इतक्या वेळा आली आहे की, वाचकाला ती भेटली की लेखक दिसतो, राजा दिसत नाही. आणि सँ-झाक रस्त्यावर ती कोणाला कळणार? लेखिकेने ती बराच काळ सोडली नाही. शेवटी त्या जागी विधवेचं वाक्य आलं, उद्या कागदाचा भाव वाढेल म्हणून आजच दोन रीम आणून ठेवा, असं.

*गर्दी.* ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बायका राजाच्या मुक्कामी, व्हर्सायला, चालत गेल्या. ते प्रकरण सर्वांत जास्त वेळा लिहिलं गेलं. खर्ड्यात ‘जनसागर उसळला’, ‘संतापाचा लोंढा’, ‘वणवा पेटला’ होतं. पाणी आणि आग या उपमांमधली गोम अशी की, त्यांत कोणी काही ठरवत नाही. पुराला निर्णय घ्यावा लागत नाही. क्रांतीतली माणसं मात्र क्षणोक्षणी ठरवत असतात: जाऊ का, थांबू का, मुलाला कोणाकडे ठेवू. म्हणून गर्दीसाठी पाणी, आग आणि वादळ या तीन जातींच्या उपमा सरसकट काढल्या. संहितेत शोध देऊन त्या एकेक गाठाव्या लागल्या.

त्या जागी अंतर आलं. पॅरिस ते व्हर्साय सुमारे २० किलोमीटर. सकाळी नगरभवनात पाव आणि शस्त्रं शोधून झाल्यावर निघालेल्या बायका संध्याकाळच्या सुमाराला पोहोचल्या, तेही पावसात. मग प्रश्न व्यवहाराचे झाले: पायात काय आहे, तोफ ओढायला कोण, कोण कुठे मागे राहिली. फेरीवालीच्या भोवती पाच जणी ठेवल्या आणि प्रत्येकीला वेगळं कारण दिलं. एक पावासाठी. उन्हाळ्यापर्यंत चार पौंडी पावाला साडेचौदा सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं) पडत होते आणि मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू असे. एकीला राणी बघायची आहे. एकीला वाटेत दटावून ओढून आणलं आहे, आणि वाटेतल्या बायकांना सक्तीने सामील करून घेतल्याच्या नोंदी आहेत. एक नवऱ्याला न सांगता आली आहे. पाचवी काहीच सांगत नाही, शेवटपर्यंत. व्हर्सायला पोहोचेपर्यंत ओढून आणलेली सर्वांत पुढे असते आणि पावासाठी निघालेली अर्ध्या वाटेवरून परतलेली असते. लेखिकेला ही अदलाबदल लिहिताना सुचली. पूर्वीच्या आराखड्यात ती नव्हती.

याच्या उलट वाट डिकन्सने घेतली आहे. कटात सामील असलेल्या सगळ्यांना ‘झाक’ हे एकच नाव दिलं. तिथे ते चपखल आहे, कारण कट करणाऱ्यांनाच एकसारखं व्हायचं आहे. बाजारातून निघालेल्या बायकांना तसं काही व्हायचं नव्हतं.

*छापील मजकूर.* खर्ड्यात मानवी हक्कांचा जाहीरनामा जवळजवळ दोन पानं उतरवलेला होता. वाचक अशी पानं डोळ्यांनी उडवतात. नवा नियम: कुठलाही दस्तऐवज आठ ओळींच्या वर नको, आणि त्याने त्याच प्रकरणात काहीतरी घडवलं पाहिजे. २६ ऑगस्ट १७८९ चा जाहीरनामा आता जुळाऱ्याच्या हातून येतो. अक्षरं उलटी, ओळ डावीकडून उजवीकडे सरकत जाणारी, आणि मधेच एका अक्षराचे खिळे संपतात. ते अक्षर मिळवायला त्याला आधी जुळवून ठेवलेली दुसरी चौकट मोडावी लागते.

ती चौकट म्हणजे ‘राजाच्या आज्ञेवरून’ हे सरकारी जाहिरातींचं शीर्षक, जे पुन्हा पुन्हा लागतं म्हणून छापखान्यात कायम बांधून ठेवलेलं असे. कादंबरीतलं मुख्य प्रतीक इथे सापडलं. खर्ड्यातलं प्रतीक खिडकीतला दिवा होता. तो तेवायचा, मंदावायचा, विझायचा, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ सांगितला जायचा. बांधलेल्या शीर्षकाला आधी काम आहे. १७८९ मध्ये त्यातला एक खिळा उसना काढला जातो. १७९१ मध्ये राजा पळून जाताना पकडला जातो, तेव्हा विधवा ते शीर्षक कपाटाच्या मागे ठेवते, मोडत मात्र नाही. १७९२ च्या ऑगस्टनंतर जुळारी ते सोडतो आणि खिळे खणांत परत टाकतो. त्याच खिळ्यांतून पुढचा मजकूर जुळतो. तीन वेळा येतं, एकदाही स्पष्टीकरण नाही. वस्तूला कथानकात आधी उपयोग हवा, मग अर्थ आपसूक चिकटतो. क्यूबाचा लेखक कार्पेंतिएर याच्या १९६२ च्या कादंबरीत कॅरिबियनकडे निघालेल्या जहाजाच्या नाळेवर गिलोटीन उभं आहे आणि त्याच जहाजातून गुलामगिरी रद्द झाल्याचा हुकूम चालला आहे. तिथेही दोन्ही वस्तू खरोखरच कुठेतरी पोहोचवायच्या आहेत.

*संबोधनं.* या बदलाने कादंबरीला सर्वाधिक मिळालं. १७९२ पासून ‘महाशय’ आणि ‘बाईसाहेब’ यांच्या जागी ‘सितोयाँ’ आणि ‘सितोयेन’ (नागरिक पुरुष आणि स्त्री) आलं. १७९३ च्या शरदात सर्वांनी एकमेकांना एकेरीच बोलावं असा आग्रह सुरू झाला. त्यावर सक्तीचा कायदा झाला नाही, पण न पाळणारा नजरेत येई. फ्रेंचमधलं एकेरी-अनेकेरी मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’मध्ये जिवंत उतरतं. खर्ड्यात मात्र शेवटपर्यंत सगळे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत होते.

संपादकांनी एक तक्ता केला. उभ्या आणि आडव्या रांगेत पात्रं, प्रत्येक घरात दोन नोंदी: १७८९ मध्ये काय म्हणतो, १७९३ च्या शेवटी काय म्हणतो. तक्ता भरताना कळलं की, प्रत्येक जोडीत बदलाचा अर्थ वेगळा आहे. शिकाऊ पोरगा मालकिणीला ‘तू’ म्हणतो तेव्हा त्याला भीतीही वाटते आणि मजाही. जुळारी म्हणतो तेव्हा त्यात माया शिरते, कारण मराठीत ‘तू’ आईलाही म्हणतात. विभागाच्या समितीचा माणूस म्हणतो तेव्हा ती दमदाटी असते. मालकीण स्वतः काय म्हणते? ती दोन्ही टाळते. ‘प्रूफ बघून झालं का?’, ‘कागद आणायला हवा’, ‘उद्या लवकर यायला जमेल ना?’ अशी कर्ता न उच्चारणारी वाक्यं मराठीत सहज बनतात. ऑक्टोबर १७९३ नंतर विधवेचं एकही वाक्य ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ घेऊन येत नाही. तिची भीती एवढ्यावरच उभी आहे. दुसऱ्या फेरीतल्या एका वाचकाने लिहिलं की, ही बाई कोणाकडेच थेट बघत नाही असं वाटत राहतं. कारण मात्र त्याला सांगता आलं नाही, आणि तेच हवं होतं.

*दिनदर्शिका आणि वेग.* खर्ड्यात सप्टेंबर १७९२ च्या प्रकरणावर नव्या दिनदर्शिकेतला महिना आणि ‘वर्ष १’ असं होतं. प्राध्यापकांनी चूक दाखवली. ती दिनदर्शिका ऑक्टोबर १७९३ मध्ये लागू झाली आणि मोजणी मागे नेऊन २२ सप्टेंबर १७९२ पासून धरली गेली. म्हणजे पहिलं वर्ष नव्या महिन्यांच्या नावांनी कोणी जगलंच नाही. दुरुस्ती करताना हाती प्रसंगच लागला. दहा दिवसांचा आठवडा आला, सुट्टी दहाव्या दिवशी गेली, रविवार बुडाला. छापखान्यातले कामगार क्रांतीच्या बाजूचे, तरी सुट्टीचा हिशेब करून कुरकुरतात. प्रकरणांची शीर्षकं आता जुळाऱ्याकडे नव्या महिन्यांत आणि विधवेकडे जुन्या सणावारांत आहेत.

वेगाबद्दल थोडक्यात: खर्ड्याने प्रत्येक वर्षाला सारखी पानं दिली होती. आता १७८९ ला एक तृतीयांश कादंबरी आहे, १७९० एका सामूहिक निवेदनात संपतं आणि १७९४ ची प्रकरणं तीन-चार पानांवर येतात.

*गिलोटीन किती दाखवायचं.* खर्ड्यात तीन शिरच्छेद तपशिलात होते. तिसऱ्यापर्यंत वाचक निबर होतो. लेखिकेचा आक्षेप रास्त होता: न दाखवणं म्हणजे हिंसा लपवणं नाही का? त्यामुळे ‘काढून टाका’ एवढं सांगून भागणार नव्हतं. दोन जागा सापडल्या. शिक्षा झालेल्यांच्या याद्या तेव्हा छापून विकल्या जात. जुळारी अशी एक यादी जुळवतो आणि त्यात त्याच्या मित्राचं नाव येतं. तो ते उलट्या अक्षरांत, एकेक खिळा उचलत पुरं करतो आणि पुढच्या नावाकडे जातो. दुसरी जागा फेरीवालीची. जून १७९४ मध्ये गिलोटीन शहराच्या मध्यातून पूर्वेकडे हललं, आणि गाड्या सँ-आंत्वानमधून जाऊ लागल्या. ज्या वस्तीने बॅस्टिल घेतलं तिच्या दारावरून. फेरीवाली गाडीच्या आवाजावरून ती भरलेली आहे की परतीची, हे ओळखायला शिकते. पातं कादंबरीत एकदाही पडत नाही.

काय फसलं

‘कळण्याची शिस्त’ सुरुवातीला फारच कडक झाली. मधल्या रूपात फ्रेंच इतिहास न वाचलेला वाचक पूर्ण हरवला. राजाने मंत्र्याला काढलं म्हणून शहर का पेटतं, हेच त्याला कळेना. बातमी पोहोचायला वाट द्यायला हवी होती. छापखान्यात ती सहज सापडली: गिऱ्हाईक मजकूर घेऊन येतं, विधवा तो छापायचा की नाही हे ठरवायला प्रश्न विचारते, आणि वाचकाला हवं ते त्या सौद्यात कळतं. शेवटी दोन पानांचा घटनाक्रमही जोडावा लागला.

संबोधनांचा बदलही पहिल्या वेळी बिघडला. प्रत्येक पात्र ‘तू’ म्हणताना त्यावर बोलत होतं. ही सगळी टिप्पणी कापून फक्त शिकाऊ पोराचं एक अडखळणं ठेवलं.

‘नागरिक’ हे संबोधन नागरिकशास्त्राच्या पुस्तकासारखं वाजत होतं, म्हणून ‘सितोयाँ’ तसंच ठेवलं. यावर एकमत झालं नाही. प्राध्यापकांना शेवटपर्यंत ते परकं वाटलं. आणि झिजलेले शब्द? मशाल, वणवा, उष:काल हे सगळे आता एकाच माणसाच्या पत्रकांत आहेत, जो वाईट लिहितो आणि खूप विकला जातो.

शेवटाचा निर्णय

खर्डा २८ जुलै १७९४ ला, दहशतीच्या काळाचा नेता रोबेस्पिअर याच्या मृत्यूवर संपत होता आणि क्रांती आपलीच पिल्लं खाते, या आशयाचं एक पान त्यामागे होतं. हे पान कोणीही लिहू शकतं. आनातोल फ्रान्सच्या १९१२ च्या कादंबरीचा शेवट चर्चेत आला: प्रियकर गिलोटीनवर गेल्यावर नायिका नव्या प्रियकराला निरोप देताना तेच जुने शब्द उच्चारते. ते पुनरावर्तन जबरदस्त आहे, पण त्यात क्रांतीवरचा निकाल आहे. लेखिकेला निकाल द्यायचा नव्हता. आपली पात्रं चुकली, असं तिला वाटत नव्हतं आणि ती बरोबर होती असंही नाही.

कादंबरी एक दिवस आधी, नव्या दिनदर्शिकेतल्या ९ तेर्मिदोरच्या, म्हणजे २७ जुलैच्या, रात्री थांबवली. त्या रात्री कन्व्हेन्शन (तेव्हाचं राष्ट्रीय विधिमंडळ) आणि पॅरिसची नगरसभा दोघेही शहराच्या ४८ विभागांना आपापल्या बाजूला बोलावत होते. छापखान्यात दोन्हीकडचा मजकूर येतो, यंत्र एक आहे. आधी कुठला जुळवायचा, यावर पुस्तक संपतं. कोण जिंकणार हे वाचकाला माहीत आहे. खोलीतल्या तिघांना नाही.

निष्पत्ती

अंतिम संहिता २४ प्रकरणांची, सुमारे ९६ हजार शब्दांची झाली आणि प्रकाशित झाली. दुसऱ्या फेरीत नवे वाचक घेतले आणि तोच प्रश्न विचारला. जुळाऱ्याला काय हवं होतं, यावर उत्तरं वेगवेगळी आली, पण प्रत्येकाकडे उत्तर होतं. स्वतःचा छापखाना, मालकिणीची मान्यता, मित्राचं नाव न जुळवावं लागणं. ऑक्टोबरच्या मोर्चाचं प्रकरण बहुतेकांना लक्षात राहिलं. तक्रार एकच जोरात आली: कादंबरी क्रांतीच्या बाजूची आहे की विरुद्ध, हे कळत नाही. संपादकांनी ती तक्रार दुरुस्त करायची नाही असं ठरवलं आणि लेखिकाही त्यावर ठाम राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

संबोधनांचा तक्ता पहिला खर्डा लिहिण्याआधीच करायला हवा होता. तो नंतर केल्याने जवळजवळ प्रत्येक संवाद पुन्हा लिहावा लागला, आणि क्रियापदांची रूपं बदलताना काही ठिकाणी एकेरी-अनेकेरीची सरमिसळ मुद्रितशोधनापर्यंत टिकली. ‘तू’ला ‘तुम्ही’ करताना नुसतं सर्वनाम बदलून चालत नाही. ‘येशील’चं ‘याल’, ‘तुला’चं ‘तुम्हांला’, ‘ये’चं ‘या’ करावं लागतं, आणि संगणकाच्या शोध-बदलाने हे नीट होत नाही.

सुरुवात जुलैऐवजी मार्च-एप्रिल १७८९ मध्ये अधिक बळकट झाली असती. तेव्हा गावोगावी आणि पेशांपेशांत राजाकडे पाठवायच्या गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या जात होत्या. माणसांनी स्वतः काय मागितलं होतं ते त्या वह्यांत आहे. ती मागणी सुरुवातीला आली असती, तर पुढे मिळालेल्या प्रत्येक गोष्टीला आपोआप मोजपट्टी मिळाली असती.

सर्वांत मोठी उणीव वसाहतींची. १७९१ च्या ऑगस्टमध्ये सँ-दोमँग या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत (आजचं हैती) गुलामांचा उठाव झाला आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. कादंबरीत यातलं काहीच नाही. ‘आपल्या पात्रांना ते कळणारच नाही’ असं कारण तेव्हा दिलं गेलं आणि ते संपादकांना पटलंही. पण जानेवारी १७९२ मध्ये पॅरिसच्या वस्त्यांत साखरेवरून दंगे झाले, आणि साखर महागली होती ती त्या उठावामुळेच. फेरीवालीला हे दुकानाच्या फळीवर कळलं असतं, चुकीचं कळलं असतं, आणि ‘कोणाला काय कळतं’ या कसोटीवर ते प्रकरण सहज उतरलं असतं. पुढच्या आवृत्तीत ते घालायचं की नाही, यावर लेखिका विचार करते आहे; घातलं तर १७९० आणि १७९१ च्या आटोपशीर पानांची मांडणी नव्याने करावी लागेल.